गाळलेल्या ओळी

“सगळंच्या सगळं कशाला हवंय त्यांना, भंते?”

निहार खोब्रागडे नागपूरहून आला होता. मोठ्या कंपनीत इंजिनिअर. पवनीजवळच्या त्या विहाराला जुना संगणक त्यानेच दिला होता, आणि त्यावर फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिमही त्यानेच बसवली होती.

त्या संगणकावर भंते उपसेन गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या रेकॉर्ड करत. पण गाणं रंगात आलं की संगणक गोठायचा. पारबताबाईंची एक ओवी अशीच गेली. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गायला बसल्या, तर ती त्यांना आठवेना.

निहारने सिस्टिम बनवणाऱ्यांना ईमेल केला. उत्तर आलं : यंत्रातल्या प्रत्येक भागाची नोंद, म्हणजे हार्डवेअरचा लॉग, आहे तसा पाठवा.

“मी पाठवला की,” निहार म्हणाला. “चार हजार ओळींतून नेमक्या कामाच्या अकरा निवडल्या. दोष डिस्कचा आहे, हेही लिहिलं. तरी म्हणतात, पूर्ण पाठवा.”

“दोष डिस्कचा आहे?”

“नक्की.”

“मग डिस्क बदल.”

“बदलली. तरी गोठतो.”

...

“मग कोणती ओळ कामाची नाही, हे तुला कसं कळलं?”

निहारने लॉग पुन्हा उघडला.

भंते त्याच्याशेजारी सतरंजीवर बसले. “गाळलेलं वाच. मी ऐकतो.”

“तुम्हाला त्यातलं काय कळणार?”

“काहीच नाही. वाच.”

निहार वाचू लागला. प्रोसेसर, पंखा, तापमान, आकडेच आकडे. भंते पारबताबाईंचं गाणं ऐकायला बसत तसेच बसले होते. मध्ये काही विचारत नव्हते.

बराच वेळ गेला. एका ओळीवर निहारचा आवाज अडला.

...

“ही मेमरीची पट्टी,” तो हळू म्हणाला. “माझ्या घरच्या जुन्या संगणकातली. मीच बसवली होती. ती या यंत्राला जुळत नाही म्हणतात. तिकडचे लोक हे वाचतील, आणि खाली माझं नाव...”

“म्हणून गाळलीस?”

“हो.”

“पुढे वाच.”

तो शेवटपर्यंत वाचत गेला. मग पूर्ण लॉग ईमेलला जोडला. मेमरीची पट्टी आपणच बसवली, हेही वर लिहिलं. पाठवायच्या बटणावर त्याचं बोट क्षणभर थांबलं... आणि त्याने ते दाबलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. निहारने ते मोठ्याने वाचलं.

डिस्क ठीक होती. मेमरीची पट्टीही ठीक होती. आवाजाच्या कार्डाची एक ओळ होती, तिच्यावरून त्यांना दोष सापडला. चूक आमच्या सिस्टिमची होती, त्यांनी लिहिलं होतं. दुरुस्ती सोबत पाठवत आहोत.

दुपारी पारबताबाई दोन तास गायल्या. संगणक गोठला नाही. हरवलेली ओवी मात्र त्यांना अजूनही आठवली नव्हती.

त्या गेल्यावर निहार म्हणाला, “ती ओळ मी तुमच्यासमोर वाचली होती, भंते. मला काहीच दिसलं नाही. तुम्हाला मात्र ठाऊक होतं.”

भंते सतरंजीची घडी घालत होते.

“ठाऊक असतं, तर मीही काटछाट केली असती.”