ऋचिताची गुळगुळीत रेघ

"सगळ्यांची नावं आहेत, मग माझंच का नाही, उस्ताद?"

ऋचितानं यादी टेबलावर आपटली. मुलाणी उस्ताद डब्यातला शेवटचा घास चावत होते. चावतच राहिले.

तीन महिने ही पोरगी सातपूरच्या त्या शेडमध्ये वायर वेल्डिंग शिकत होती. वेल्डरची टेस्ट परवा. यादी आज संध्याकाळी जाणार, आणि नाव राहिलं की थेट सहा महिने घरी. आता सांगा, डोकं फिरेल की नाही?

"त्या प्रितेशचं नाव घेतलंत! त्याचं वेल्ड बघितलंय का? कोंबडीनं उकरल्यासारखं! आजूबाजूला नुसते थेंब चिकटलेत. आणि माझी रेघ बघा. शिलाई मारल्यासारखी! अख्ख्या शेडनं फोटो काढलेत तिचे."

"सेटिंग कुणी लावलं?"

"मीच! ठिणग्या लई उडत होत्या, म्हणून दोन्ही बटणं खाली घेतली. होल्टेजचं पण, वायरच्या स्पीडचं पण. तेव्हा कुठं एवढी गुळगुळीत आली. डोकं लावलं मी, डोकं!"

उस्ताद उठले. हात धुतले. दोघांचे तुकडे घेऊन आले.

दोन्ही सारखेच. खाली एक जाड पट्टी आडवी, तिच्यावर दुसरी उभी, आणि एका बाजूच्या कोपऱ्यात वेल्ड. प्रितेशचा तुकडा त्यांनी व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि हातोडा तिच्या हातात दिला.

"मार."

मारला की! तीन महिन्यांचा राग काढून मारला. एक, दोन, पाच. पट्टी वाकली, पार आडवी झाली. वेल्ड जागचं हललं नाही.

"आता तुझा."

टक्.

एकाच घावात उभी पट्टी सुटून तिच्या बुटापाशी पडली. रेघ त्या पट्टीलाच चिकटलेली, अख्खीच्या अख्खी. आणि खालची पट्टी? कोरी. वेल्डच्या आधी मारलेल्या ग्राइंडरचे ओरखडेसुद्धा जसेच्या तसे; एवढ्या कमी आचेत तिथलं लोखंड वितळलंच नव्हतं.

"हे... हे चीटिंग आहे! पट्टीच खराब दिली असणार मला!"

उस्तादांनी खिशातलं पेन काढून यादीवर ठेवलं.

"लिही तुझं नाव."

"मी?"

"तूच."

तिनं पेन उचललं. टोपण काढलं. नजर सारखी त्या ओरखड्यांवर जात होती...

टोपण परत लावलं. पेन उस्तादांकडे सरकवलं. राग मात्र तसूभर उतरला नव्हता.

"पण दिसायला एक नंबर होती की नाही? तेवढं तरी खरं सांगा!"

उस्तादांनी वाकून पडलेली पट्टी उचलली. रेघेवरून अंगठा फिरवला, अगदी कौतुकानं.

"एक नंबर, बेटा. खालच्या पट्टीला तेवढं कळवायचं राहिलं."