नदीतल्या खडकावरची राजमुद्रा

फार फार जुनी गोष्ट. मुलांनो, ऐका, आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका राज्यात एक नदी होती आणि तिच्या पाण्याला ओढ फार. मधोमध उंच खडक होता, तिथे नदीचे दोन फाटे व्हायचे. एका पावसाळ्यात डाव्या फाट्यात दरड कोसळली. तिकडे गेलेली होडी फुटायचीच. मग राजाने दरबारी चिताऱ्याला हुकूम केला, की खडकावर असं काही रंगव, की नावाडी डावीकडे फिरकणार नाहीत.

चितारी हाताचा मोठा कसबी, पण मीपणा भारी. महिनाभर खपून त्याने खडकावर राजमुद्रा काढली, सोंडा उंचावलेले हत्ती काढले, भोवती वेलबुट्टी काढली. राजाच्या साऱ्या पदव्या सोनेरी अक्षरांत लिहिल्या. आणि अगदी तळाला, उरलेल्या वीतभर जागेत, 'डावीकडे जाऊ नये' असं लिहिलं. आता काय म्हणावं या माणसाला!

शेवटच्या दिवशी तो शिडीवर उभा राहून वेलीची पानं सारखी करत होता. तेवढ्यात वळणावरून एक होडी आली. त्या राज्याची रीत अशी, की राजमुद्रा दिसली की हातातलं काम सोडून नमस्कार करायचा. नावाड्याने वल्ही सोडली आणि भक्तिभावाने हात जोडले. पाण्याने होडी डावीकडे ओढली, दरडीवर आपटली आणि तिचे तुकडे झाले.

नावाडी कसाबसा खडकाच्या कडेला लागला. चितारी उलट त्याच्यावरच डाफरला, की एवढं लिहिलंय ते वाचता येत नाही का.

"वाचायला वेळ कुठं मिळाला, चितारीबुवा?" नावाडी धापा टाकत म्हणाला. "मुद्रा दिसली, हात जोडले. आता माझं सोडा. मागच्या होडीत तुमची लेक आहे. बाळंतपणाला माहेरी येतेय."

चिताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. तो जीव खाऊन ओरडला, पण पाण्याच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येईना. हात हलवून खुणा कराव्यात म्हटलं, तर नावाड्याने सांगितलं, की कुणी हात केला की आम्हीही हसून हात करतो आणि पुढे जातो.

उरला तो रंग. चुन्याची बादली जवळच होती. पण राजमुद्रा पुसणाऱ्याचा हात तोडायची शिक्षा होती. चिताऱ्याने एकदा आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि त्याच हाताने मुद्रेवर चुना फासला. हत्ती गेले, वेली गेल्या, पदव्या गेल्या. महिन्याची मेहनत पुसताना त्याचं काळीज तुटत होतं, खोटं कशाला सांगू? मग काजळी घेऊन तो त्या पांढऱ्या खडकावर उजवीकडे जाणारा एकच बाण ओढू लागला, होडीएवढा जाड. टोक व्हायचं राहिलं होतं आणि वळणावर होडी दिसली. कुंचल्याने ते वेळेत झालं नसतं. त्याने तो फेकला, दोन्ही तळवे काजळीत बुडवले आणि हातांनीच टोक पुरं केलं.

होडी उजवीकडे वळली.

धक्क्यावर उतरल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, तुमचं ते गाजलेलं चित्र कुठं आहे? मला तर कुठंच दिसलं नाही." तिच्या नावाड्यालाही काही आठवेना. वळायचं कळलं म्हणून वळलो, एवढंच तो म्हणाला. आयुष्यभर वाहवा ऐकलेला तो चितारी लेकीला जवळ घेऊन ढसाढसा रडला.

राजाला हे कळलं, तेव्हा तो संतापून स्वतःच होडीत बसून निघाला. खडक दिसताच त्याच्या नावाड्याने काही न विचारता होडी उजवीकडे घेतली. डाव्या फाट्यात फुटक्या फळ्या अडकल्या होत्या. त्या पाहून राजाने होडी काठाला लावायला सांगितली. काठावर चितारी हात पुढे करून उभाच होता.

"पुसलंस ते बरं केलंस," राजा म्हणाला. "नाहीतर माझ्याच मुद्रेला हात जोडता जोडता नावाडी आज मला घेऊन बुडाला असता."

तात्पर्य: ज्याच्यासाठी चित्र काढायचं, त्याला हवं ते एका नजरेत कळलं, तरच ते चांगलं, बाकी सगळी काढणाऱ्याची हौस.