भिंतीकडे बघणारं गाव

पाडव्याच्या आत घर खाली करा, अशी दवंडी नळवणीत दरवर्षी पिटली जायची. नळवणी म्हणजे डोंगरावरचं थंड हवेचं गाव. मधोमध एक तळं, आणि भोवतीची सगळी घरं महाराज उदाजीरावांच्या मालकीची. पाडव्यापासून मृगापर्यंत भाडेकरूंनी गोठ्यात राहायचं आणि त्यांच्या घरांत हवा खायला आलेले पाहुणे उतरायचे; पाडव्याआधीच येऊन टपकलेले तोवर धर्मशाळेत दाटीवाटीनं राहायचे. आता हवा गोठ्यातही तीच असते, पण महाराजांना सांगणार कोण?

सांगितलं सगुणानं. ही पाहुण्यांचे कपडे धुऊन पोट भरणारी बाई. तिची लेक हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना लागलेला. सगुणा तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, यंदा मी घर सोडणार नाही. माझी लेक गोठ्यात बाळंत व्हायची नाही."

"का? काय अडचण आहे?"

"तिथे म्हशीचे दिवस भरलेत. दोघींचं एकदम मी कसं करू?"

दिवाण चिंतोपंत खाकरले. "पाहुणे तळं बघायला येतात, बाई. त्यांना राहायला घरं नकोत?"

"तळ्याचं काय घेऊन बसलात, दिवाणजी? पाहुणे कशाकडेही बघत बसतात. परवा माझ्या वाळत घातलेल्या गोधडीकडे दोघं तासभर बघत होते."

झालं, महाराजांचा पारा चढला. ते तळं त्यांच्या आजोबांनी खणलेलं होतं.

"अस्सं? तुझ्या दारासमोर आमच्या पागेची मागची भिंत आहे ना? मग तळ्याकडे पाठ करून, भूक लागेपर्यंत त्या भिंतीकडे बघत उभा राहणारा एक पाहुणा दाखव. घर तुझं. नाही दाखवलास, तर पाडव्याला आम्ही कुलूप लावणार. आठ दिवस दिले."

दुसऱ्या दिवशी सगुणानं कपड्यांचं बोचकं बाजूला टाकलं. रस्त्यात उभी राहिली, कपाळावर हात आडवा धरला आणि भिंतीकडे टक लावून बघत राहिली. बराच वेळ कोणी फिरकलं नाही. मग एक उपरणंवाले गृहस्थ थांबले.

"काय बघताय हो, बाई?"

"अजून दिसलं नाही."

गृहस्थ शेजारी उभे राहिले. त्यांची बायको आली, तिनं विचारलं, ते म्हणाले, "गप्प, मध्येच बोलू नकोस." तीही उभी राहिली. संध्याकाळपर्यंत वीस माणसं झाली आणि तिसऱ्या दिवशी रस्ता भरला. कुणाला पोपडा उडालेल्या जागी गणपती दिसला. एका बाईंना त्यांची थोरली जाऊ दिसली, त्या डोक्यावर पदर घेऊन मागे सरल्या. नाववाले तळ्यावर माश्या मारत बसले. "तळ्यात काय, नुसतं पाणी," असं आता लोक उघड बोलू लागले.

सातव्या दिवशी चिंतोपंत बघायला आले. गर्दी बघून आधी त्यांचं तोंड उतरलं, मग हळूच खुललं.

"सगुणा, हरलीस तू. भूक लागेपर्यंत असं ठरलं होतं. ह्यांची तोंडं बघ."

सगुणानं वळून बघितलं. पहिल्याच दिवसापासून गर्दीमागे चणेवाले, रसवाले, भजीवाले जमले होते. जो तो बघत होता आणि चरत होता. भूक लागणार कुणाला? तिनं भजीवाल्याला हात जोडले, "दादा, गाडी तेवढी दुसरीकडे ने."

"वेडी का काय तू, आक्का? अशी गर्दी पुन्हा मिळायची नाही."

घरात हौसा कंबर धरून येरझाऱ्या घालत होती. सगुणाला रडू फुटायचं बाकी होतं. भज्यांच्या कढईकडे बघता बघता तिच्या मनात आलं, अख्ख्या नळवणीत रस्त्यावर उभं राहून खाता येत नाही असं कोण आहे? तिनं डोळे पुसले.

"दिवाणजी, उद्या खुशाल कुलूप लावा. पण त्याआधी महाराजांनी एकदा बघून जावं. परगावच्या माणसांनी बघितलं आणि मालकानंच बघितलं नाही, हे बरं दिसत नाही."

ही मात्रा बरोबर लागू पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीलाही न थांबता, महाराज पालखीतून हजर.

"काय दिसतं गं?"

"घाई केली की दिसत नाही, महाराज."

महाराज उभे राहिले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. शेजारचा म्हणाला, "ते काय, वरती कान." महाराजांनी पुढे होऊन टाचा उंचावल्या. ऊन डोक्यावर आलं. भज्यांचा घाणा निघाला, घमघमाट सुटला. सगळ्यांचे हात कढईकडे गेले, पण रयतेसमोर रस्त्यात भजी कशी खावी महाराजांनी? शेवटी त्यांचं पोट असं गुरगुरलं की भिंतीपलीकडे पागेतली घोडी बिथरली.

"चिंतोपंत, पालखी आणा. आम्हांला सपाटून भूक लागलीय."

"तर मग घर माझं झालं, महाराज," सगुणा म्हणाली.

"म्हणजे?"

"तळ्याकडे पाठ करून, भूक लागेपर्यंत भिंतीकडे बघत उभा राहिलेला पाहुणा. हे काय माझ्यासमोर."

"आम्ही पाहुणे? अगं, गाव आमचं, भिंत आमची!"

"इथला माणूस उभं राहून काही बघत नाही, महाराज. त्याला पाणी भरायचं असतं, म्हशीची धार काढायची असते. बघायला येतो तो पाहुणाच."

महाराजांनी चिंतोपंतांकडे बघितलं. चिंतोपंतांनी भिंतीकडे बघितलं. मग महाराज जे हसत सुटले, ते पगडी हातात घेऊनच थांबले.

"लिहा, दिवाणजी. घर सगुणाचं, कायमचं. यापुढे कुणा भाडेकरूला पाडव्याला बाहेर काढायचं नाही. पाहुणे तुमच्या बंगल्यात उतरतील."

चिंतोपंतांचा चेहरा पडला. सगुणानं महाराजांना आत नेऊन पाटावर बसवलं आणि गरम पिठलं-भाकरी वाढली. महाराजांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, हौसाच्या ओटीत गळ्यातला गोफ घातला आणि उंबऱ्यावर येऊन पुन्हा एकदा भिंतीकडे बघितलं.

"सगुणा, खरं सांग. तो हत्तीच होता ना?"

"मला काय ठाऊक, महाराज? मी इथली."