उजव्या पायाची वाट

एका खाडीच्या मुखाशी होड्या दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर राहत असत. सारा गाव त्यांना आबा म्हणे. पद्माकर नावाचा त्यांचा शिष्य चार वर्षे त्यांच्या हाताखाली शिकत होता. त्याच्या हाताला सफाई होती, वेगही होता. आणि आपल्याला वेग आहे हे त्याला पुरते ठाऊक होते.

एके दिवशी शहरातल्या एका व्यापाऱ्याने आपली शिडाची नाव त्यांच्या किनाऱ्यावर आणून चढवली. पाय घसरू नये म्हणून तिच्या डेकवर खरखरीत रबरी आवरण चिकटवलेले होते. बारा वर्षांच्या उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने ते जागोजागी झिजले होते.

व्यापारी म्हणाला, "आबा, हे सगळं काढून नवं घाला. मिळेल तेवढं खरखरीत घाला. पाय जागचा हलता कामा नये." त्याला आणखी काही सांगायचे होते असे वाटले, पण तो घुटमळला आणि निघून गेला.

त्याच दिवशी आबांना लाकूड पाहायला पलीकडच्या गावी जावे लागले. पद्माकरने एकट्याने काम हाती घेतले. गरम पाण्याची फडकी टाकून रबर मऊ करायचे, खालून पटाशी सरकवायची आणि तुकडा ओढून काढायचा. खालचा वाळलेला चिकटाही त्याने खरवडून काढला. दिवस मावळेपर्यंत डेकचे लाकूड लख्ख उघडे झाले. दोन दिवसांचे काम आपण एका दिवसात उरकले, या आनंदात तो घरी गेला.

सकाळी आबा आले. त्यांनी डेकवर नजर फिरवली आणि विचारले, "जुने तुकडे कुठे आहेत?"

"खड्ड्यात टाकलेत, आबा. त्यांचं आता काय काम?"

"सगळे काढून आण. डेकवर जसे होते तसेच वाळूवर मांड."

पद्माकरला वाटले, आबा थट्टा करत आहेत. पण आबा नारळाच्या सावलीत जाऊन बसलेसुद्धा. मग त्याने मुकाट्याने खड्ड्यात उतरून सत्तरेक तुकडे बाहेर काढले. कुठे खिळ्याचे भोक, कुठे चिकट्याचा डाग, अशा खुणांवरून तो एकेक तुकडा जुळवू लागला. जाळी घेऊन जाणारा एक कोळी थांबून म्हणाला, "पद्या, गोधडी शिवतोस काय रे?" पद्माकरचे कान लाल झाले. आपण चूक केली असेल तर आबांनी चार शब्द बोलावेत. ही कसली शिक्षा, असे त्याच्या मनात आले.

दुपारी मांडणी पुरी झाली. आबा वहाणा काढून त्या तुकड्यांवरून हळूहळू चालले आणि मग त्यांनी शिष्याला जवळ बोलावले.

"काय दिसतं?"

"झिजलेलं दिसतं."

"कुठे?"

आता पद्माकर खाली बसून पाहू लागला. सुकाणूपाशी दोन गुळगुळीत चकत्या होत्या. तिथे कोणी वर्षानुवर्षे पाय रोवून उभे राहत असणार. आणि उजव्या कडेने, केबिनच्या पायरीपासून डोलकाठीपर्यंत, बारीक लांबट ओरखडे होते, एकामागून एक. एका ठिकाणी दोन पट्ट्यांचा सांधा आडवा आला होता. तिथे रबराची कड उचकटून तुटली होती.

"आबा," तो हळूच म्हणाला, "इथून कोणीतरी एक पाय ओढत चालतं."

"शेठना निरोप धाड," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. आबांनी त्याला ती वाट दाखवली. तो तुटलेल्या कडेपाशी खाली बसला.

"माझी पत्नी," तो म्हणाला. "आजारपणानंतर तिचा उजवा पाय नीट उचलत नाही. तरी ती दर रविवारी यायची, डोलकाठीला टेकून बसायची. गेल्या वर्षी इथेच पडली. तेव्हापासून म्हणते, माझा पाय आता नावेच्या कामाचा राहिला नाही. म्हणून तर म्हटलं, खूप खरखरीत घाला."

"त्यांचा पाय घसरला नव्हता, शेठ. अडकला होता," आबा म्हणाले. "चूक या सांध्याची होती. सगळीकडे खरखरीत घातलं असतं, तर त्या पहिल्याच पावलाला पुन्हा पडल्या असत्या." मग ते पद्माकरकडे वळले. "जो पाय उचलून टाकता येतो, त्याला खरखरीत जमीन धरून ठेवते. जो ओढावा लागतो, त्याला तीच जमीन पाडते. आधार सगळ्यांना एकाच मापाचा देता येत नाही, बाळा. आणि माप विचारावं लागतं किंवा वाचावं लागतं. तू जे खड्ड्यात टाकलंस, त्यावर ते बारा वर्षं लिहिलं जात होतं."

पद्माकरने मान खाली घातली. पण त्याचा राग आता उरला नव्हता.

या वेळी रबरी पट्ट्या चिकटवायच्या नाहीत, रंगाच्या ओल्या थरावर वाळू पेरायची, म्हणजे सांधाच राहणार नाही, असे ठरले. सुकाणूपाशी जाड वाळू, उजव्या वाटेवर तलम. ती किती तलम हवी हे पद्माकरने स्वतःच ठरवले. फळ्यांवर निरनिराळे नमुने करून, त्यांवर पाणी ओतून, तो आपला उजवा पाय ओढत त्यांवरून चालला. तीन नमुने त्याने नापसंत केले. चौथ्यावर पाय अडखळला नाही आणि घसरलाही नाही. या कामाला नऊ दिवस लागले. आबांनी एकदाही घाई केली नाही.

नाव पाण्यात उतरली त्या दिवशी व्यापाऱ्याची पत्नी रेवतीबाई किनाऱ्यावर आल्या होत्या, फक्त पाहायला. पतीने फार आग्रह केला तेव्हा त्या चढल्या. पायरीपाशी त्यांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. एक पाऊल टाकले. मग दुसरे. डोलकाठीपाशी पोचल्यावर त्यांनी मागे वळून ओल्या डेककडे पाहिले आणि हसून म्हणाल्या, "अहो, मला वाटत होतं मीच मोडले."

त्या तिथे बसल्या नाहीत. डोलकाठी ओलांडून नावेच्या अगदी टोकापर्यंत गेल्या.

किनाऱ्यावर पद्माकर त्यांची पावले पाहत उभा होता. आपण काय शिकलो ते त्याला आबांना सांगावेसे वाटले. पण आबा शीड वर चढताना पाहण्यात रमले होते, आणि तोही त्यांच्या शेजारी शांतपणे उभा राहिला.

कोणी अडखळताना दिसले, तर त्याच्या पायाकडे बोट दाखवण्याआधी वाटेतला सांधा पाहावा.