दोनशे पत्त्यांना आवतण

“पत्ते संपले!” राजे उदाजीरावांनी दरबारात जमलेल्या विणकरांना जाहीर केलं.

राज्यात इंटरनेट आलं होतं. दुकानाला बाहेरगावची मागणी यायची, तर दुकानाच्या नावे इंटरनेटवर आकड्यांचा एक पत्ता लागे. असे पत्ते दरबारातून गठ्ठ्यानं मिळत. अट एकच: प्रत्येक पत्त्यापुढे तो वापरणाऱ्याचं नाव-गाव नोंदवायचं. जो वापरात नाही, तो सरकारजमा! शेवटचा, दोनशे पत्त्यांचा गठ्ठा भिकुशेट घेऊन बसला होता. दोनशेही पत्त्यांपुढे त्यानं नावं लावली होती आणि विणकरांना वर सांगत होता, “पत्ता हवाय ना? दर दोन लुगड्यांमागे एक माझं. कुणाला तरी उठवतो, तुम्हाला बसवतो!”

विणकर आळीतली हौसा पुढे झाली. गिऱ्हाईक नाही म्हणून तिच्या घरचे माग बंद पडले होते.

“महाराज, शेटजींचे हे भाडेकरू कुणी पाहिलेत का?”

“जीभ आवर, पोरी!” भिकुशेट म्हणाला. “लाख मोलाची माणसं आहेत. जरा लाजाळू आहेत, इतकंच.”

बाजारात हे नेहमीचंच. माल दाबून ठेवणाऱ्याला गोदामाची किल्ली कधी सापडत नाही.

राजे न्यायी होते, पण हट्टी. म्हणाले, “शेट प्रतिष्ठित माणूस. त्याच्या घराची झडती नाही, त्याला खोटारडा म्हणायचं नाही. उद्या सूर्यास्ताच्या आत त्यानं स्वतःच्या तोंडानं पत्ते रिकामे आहेत म्हटलं, तर गठ्ठा तुमचा. नाहीतर मुकाट्यानं लुगडी द्यायची!”

“चालेल,” हौसा म्हणाली. “पण महाराज, एवढी लाख मोलाची माणसं राज्यात आहेत आणि त्यांना एकदाही वाड्यावर जेवायला बोलावलं नाही?”

जेवणाचं नाव निघालं की राजे विचार करत नसत. दोनशेही पत्त्यांवर तिथल्या तिथे आवतण गेलं. “केवढा हा मान!” भिकुशेटनं हात जोडले. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनशे पानं मांडली. पुरणपोळी, कटाची आमटी, वर तुपाची धार. भिकुशेटला राजांशेजारी मानाचा पाट मिळाला. तो खुशीत बसला, आणि तिथंच चुकला. पंगतीची रीत कोण मोडणार? बोलावलेला पाहुणा पानावर आल्याशिवाय यजमान घास घेत नाही, आणि पाटावर बसलेला जेवल्याशिवाय उठत नाही!

“गणोजी विठोजी, मुक्काम पिंपळखुटे!” चोपदारानं पहिलं नाव पुकारलं. कोणी आलं नाही. दुसरं पुकारलं. एक कावळा आला.

“शेट, मंडळी कुठे?”

“निघालीच असतील, महाराज. मी जरा बघून येतो...”

“अगंबाई!” हौसानं तोंडावर हात ठेवला. “भरल्या पानावरून उठता, शेटजी?”

शेट बसला.

तूप थिजलं. आमटी गार झाली. राजांचं पोट गुरगुरलं आणि सारा दरबार अदबीनं छताकडे पाहू लागला.

“शेट, लांब राहतात का?”

“तसे... लांबच म्हणायचे.”

“किती लांब?”

राजांचा हात पोळीवरून निघून तलवारीच्या मुठीवर विसावला.

“जेवा, महाराज, जेवा!” भिकुशेट ओरडला. “कोणी यायचं नाही! कोणी नाहीच मुळी! दोनशेही पत्ते रिकामे आहेत!”

चोपदार पुढचं नाव घेता घेता थांबला.

“म्हणजे,” राजे जड आवाजात म्हणाले, “पाहुणे नाहीत. दोनशे पानं वाया, आणि मी उपाशी?”

“वाया कशी जातील, महाराज?” हौसा म्हणाली. “विणकर आळी दारात उभी आहे. वाढलेलं पान असो की नोंदलेला पत्ता, बसायला कोणी नसेल तर भुकेल्याला द्यावा!”

राजे असे हसले की आमटी सांडली. “बसवा सगळ्यांना! गठ्ठा विणकरांचा! आणि हौसाबाई, आजपासून राज्यातल्या पत्त्यांची नोंदणी तुमच्याकडे.”

“आणि मी, महाराज?” भिकुशेटनं चाचरत विचारलं.

“तुम्ही?” राजांनी पहिली पोळी मोडली. “तुम्ही वाढा!”