भुजंगरावांचा रिकामा दरबार

"माझ्याच दरबारात मुजरा भालदाराला? आणि काल परराज्यातून आलेला वकील तर झुंबरंच बघत बसला!" राजा भुजंगराव सिंहासनावर थयथयाट करत होता.

राजा अंगानं लहानखुरा. लोकांची नजर त्याच्यावर ठरली नाही, की थाट वाढवायला तो दरबारात आणखी एक आरसा टांगायचा, आणि मग नजर आणखीच भरकटायची!

शेवटी त्यानं रावजी गवंड्याला बोलावलं. "आठ दिवसांत असं कर, की येणाऱ्याला आधी मीच दिसलो पाहिजे! सिंहासन हलवायचं नाही, उंच करायचं नाही. नवी वस्तू एकही आणायची नाही. नाही जमलं तर तुरुंग!"

रावजी डोक्याला हात लावून घरी आला. त्याची लेक तानी विटाचुन्यात वाढलेली. तिनं विचारलं, "आबा, आणायचं नाही म्हणाले. काढायचं नाही, असं म्हणाले का?"

"नाही बुवा!"

"मग उठा की!"

बापलेक कामाला लागले. आरसे बाहेरच्या चौकात गेले, झुंबरं मधल्या सोप्यात. त्यापुढचा अरुंद बोळ कोरा ठेवला. दरबारातल्या बारा खिडक्यांपैकी अकरा बंद केल्या. उघडी राहिली ती फक्त सिंहासनावरची.

नवव्या दिवशी राजा किंचाळला, "अगं पोरी, लुटलास की माझा दरबार!"

तानी म्हणाली, "आधी एखादा परका माणूस आणा महाराज, मग बेड्या घाला!"

प्रधानानं बाजारातून एक धनगर धरून आणला. त्यानं राजाला कधी पाहिलंच नव्हतं. चौकातल्या आरशांत त्यानं मिशा पिळल्या. सोप्यात झुंबरं बघून 'आ' वासला. अंधाऱ्या, कोऱ्या बोळात मात्र तो भिंत चाचपत पुढे सरकला. आणि दरबारात पाऊल टाकलं, तर समोर उन्हाचा एकच झोत आणि त्यात एकटा राजा! धनगरानं थेट लोटांगणच घातलं.

"हेच महाराज, हे कसं ओळखलंस रे?" प्रधानानं विचारलं.

"दुसरं हाय काय इथं बघायला?"

राजा खूश झाला, पण कोडं सुटेना. "थाट सगळा बाहेर गेला, आणि मान माझा वाढला? हे कसं गं?"

तानी म्हणाली, "महाराज, अख्ख्या वऱ्हाडाला मुंडावळ्या बांधल्या, तर नवरदेव ओळखायचा कसा?"

राजा असा खदखदून हसला, की पगडी कानावर आली! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं तानीला दिलं आणि गरजला, "आजपासून राज्यात विटेवर वीट चढेल, ती या पोरीला विचारूनच!"