मंजिष्ठेचा तांबडा

पूर्वी अश्मक देशात, गोदेकाठच्या पोतली नगरात सुबाहू राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका रंगाऱ्याच्या कुळात जन्मला. वयात आल्यावर तो रंगाऱ्यांच्या पंचांत बसू लागला.

त्या नगरात लाखेचा तांबडा रंग फक्त राजवाड्यासाठी असे. बाकीच्यांनी मंजिष्ठेच्या मुळ्या उकळून तांबडे करायचे. लाखेच्या तांबड्यात जांभळी झाक असते, मंजिष्ठेच्या तांबड्यात विटेची. परक्याला दोन्ही सारखेच वाटतील. रंगाऱ्याच्या पोराला मात्र लांबूनही कळते.

एकदा राजवाड्यातले लाखेचे एक वस्त्र नाहीसे झाले. शोध घेताना वासुला नावाच्या विधवा रंगारणीच्या घरी तांबडे वस्त्र सापडले. तिने ते लेकीच्या पाठवणीसाठी रंगवले होते. राजवस्त्र चोरणाऱ्याचे दोन्ही हात तोडावेत असा दंड होता. राजा म्हणाला, "रंग कोणता ते रंगाऱ्यांनी सांगावे. ते म्हणतील तसे होईल."

पंचांची एक रीत होती. वस्त्र हातोहात फिरे, आणि प्रत्येकाने ते उन्हात धरून रंगाचे नाव घ्यायचे. वडीलधाऱ्याचा मान म्हणून ज्येष्ठाने आधी बोलायचे, मग वयाप्रमाणे इतरांनी. दोघे जरी वेगळे बोलले, तरी निवाडा थांबे आणि वस्त्र दुसऱ्या नगराच्या पंचांकडे जाई. रीत तशी चांगली होती. पण ज्येष्ठ धनपालिताच्या डोळ्यांवर पडदा आला होता. हे सर्वांना ठाऊक होते, आणि सगळे मूग गिळून बसले होते.

बोधिसत्त्व वयाने लहान, म्हणून शेवटून दुसरा बसे. अगदी शेवटी, सर्वांत धाकटा म्हणून, वासुलेचा दीर चित्तक बसला होता. त्याच्याच कढईत तिने ते वस्त्र रंगवले होते. त्याला पाहून तिच्या जिवात जीव आला.

"भावजी, तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही," ती म्हणाली.

धनपालिताने वस्त्र डोळ्यांजवळ नेले. "लाख," तो म्हणाला.

दुसऱ्याने वस्त्र उन्हात धरले. त्याच्या भुवया वर गेल्या. मग त्याने धनपालिताच्या तोंडाकडे पाहिले. "लाखच," तो म्हणाला. तिसऱ्याने फार वेळ पाहिलेच नाही. चौथ्या-पाचव्याने नुसती री ओढली.

वस्त्र बोधिसत्त्वाच्या हातात आले. विटेची झाक स्वच्छ दिसत होती. पण पाच जाणती माणसे चुकतील कशी, असे त्याच्या मनात आले. तो बघत असतानाच ती विटेची झाक हळूहळू जांभळी दिसू लागली. त्याला राजाचे भय वाटले नव्हते. आता मात्र स्वतःच्या डोळ्यांचे भय वाटले.

'वस्त्र बदललेले नाही,' तो मनाशी म्हणाला. 'माझे मन कळपाबाहेर एकटे उभे राहायला भिते आहे. ती भीतीच डोळ्यांत उतरून रंग कालवते आहे.'

त्याने डोळे मिटले, श्वास संथ होऊ दिला, आणि मग पुन्हा पाहिले.

"मंजिष्ठा," तो म्हणाला.

"काय म्हणालास?" धनपालिताने विचारले.

"मंजिष्ठा, आजोबा."

"पाचामुखी परमेश्वर असतो, पोरा. पाचांना दिसते ते तुलाच बरे दिसत नाही!"

"माझे चुकत असेल, आजोबा. दुसऱ्या नगराचे पंच सांगतील ना."

कोणीतरी हसले. वस्त्र चित्तकाकडे गेले. त्याच्या एका शब्दावर निवाडा थांबणार होता. त्याने ते उन्हात धरले, उलटे केले, पुन्हा धरले. सारे पंच त्याच्याकडे बघत होते.

"भावजी," वासुला म्हणाली, "मुळ्या तुम्हीच कुटून दिल्या होत्या."

चित्तकाने मान खाली घातली. "लाख," तो म्हणाला.

त्याच दिवशी वेशीबाहेर तिचे हात तोडले. आधी ती ओरडली नाही. चित्तक गर्दीत कुठे दिसतो का, ते शोधत राहिली.

पुढे थंडीच्या दिवसांत राजवाड्याची कोठी झाडताना हरवलेले वस्त्र एका पेटाऱ्यामागे सापडले. उंदरांनी त्यात पिले घातली होती. राजाने वासुलेकडे धान्याची पोती पाठवली आणि विषय संपवला.

मग धनपालिताखेरीज बाकीचे पंच एकेकटे बोधिसत्त्वाच्या दारी येऊ लागले. "खरे सांगू का, मलाही विटेचीच झाक दिसली होती," असे प्रत्येक जण हळूच सांगे.

"हे मला कशाला सांगता? तिला सांगा," तो म्हणे. तिच्याकडे कोणी गेले नाही.

चित्तक सर्वांत शेवटी आला. "मी खोटे बोललो नाही रे," तो म्हणाला. "मुळ्या मीच कुटल्या, हे मला आठवत होते. तरी त्या घटकेला मला ते लाखेचेच दिसले. शपथेवर सांगतो, दिसले."

"माहीत आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "मलाही दिसू लागले होते."

चित्तक धाय मोकलून रडला. बोधिसत्त्वाला त्याचा राग आला नाही; आला असता तर बरे झाले असते, इतके त्याला वाईट वाटले.

त्याने वासुलेला बहीण मानून घरी आणले आणि रोज आपल्या हाताने घास भरवला. पंचांना विनवून त्याने रीतही बदलून घेतली. आता धाकट्याने आधी बोलायचे, आणि तेही दुसऱ्याच्या कानी पडणार नाही असे. बैल गेला अन् झोपा केला, दुसरे काय! त्याने हे वासुलेला सांगितले.

"बरे केलेत, दादा," ती म्हणाली. "डोळ्यात केस गेलाय माझ्या. तेवढा काढता का?"

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली. त्याच सकाळी संघाने एका भिक्षूला चोर ठरवून दाराबाहेर बसवले होते. थोरल्या स्थविरांनी आधी 'दोषी' म्हटले, मग सर्वांनी.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची वासुला म्हणजे दाराबाहेर बसलेला तो भिक्षू. धनपालित म्हणजे हे थोरले स्थविर. चित्तक म्हणजे सकाळी जो सर्वांत शेवटी बोलला तो. एकटा वेगळा बोललेला रंगारी मी होतो, आणि ती माझी सत्यपारमिता, सत्य न सोडण्याची साधना. बाकीचे पंच तुम्ही होता."

सभेत कोणी मान वर केली नाही. मग सकाळी शेवटी बोललेला भिक्षू उठला आणि एकटाच दाराकडे चालू लागला.